विषाणू निजवणारे प्रथिन

पावसाळा सुरू झाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आरोग्य खात्याची नजर विहिरींवर जाते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बादलीत क्लोरीनची टीसीएल पावडर कालवतो, गाळ खाली बसू देतो, वरची निवळी विहिरीत सोडतो. काही वेळाने पाण्याचा नमुना घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि धोक्याच्या प्रमाणात गावाला लाल, पिवळे नाहीतर हिरवे कार्ड मिळते. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. मुंबईच्या पाण्याचा जवळपास अर्धा वाटा एकट्या भातसाचा, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. यावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणखीही लिहायला हवे. पण या लेखाचा विषय त्याच विहिरीच्या पाण्यातला असूनही इतका लहान आहे, की जिवाणू दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो दिसत नाही.

टीसीएल ज्यांना मारायला टाकतात त्या जंतूंतला सर्वांत बदनाम जंतू पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. मरीआईची नि जरीमरीची ठाणी ज्या भीतीतून गावोगाव उभी राहिली ती भीती याचीच. पटकी इतिहासजमा झाली असे शहरात वाटते. मेळघाटात २०२२ च्या जुलैमध्ये तिची साथ आली होती. हा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, मुळात खाड्यांच्या मचूळ पाण्यातला रहिवासी. त्याचे बहुतेक वाण माणसाच्या वाटेला जात नाहीत. काही थोडे वाण तेवढे आतड्यात असे विष सोडतात, की धडधाकट माणसाच्या अंगातले पाणी काही तासांत निघून जाते. हे विष असते हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९९६ मध्ये, मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस या अमेरिकी संशोधकांनी त्यापुढची गोष्ट सांगितली: ते विष बनवणारी जनुके जिवाणूची स्वतःची नाहीतच. ती एका विषाणूची आहेत. सुमारे सात हजार अक्षरांचा हा विषाणू जिवाणूच्या चाळीस लाख अक्षरांच्या डीएनएत शिरून बसलेला असतो, आणि पिढ्यानपिढ्या जिवाणूबरोबर त्याच्याही प्रती निघत राहतात.

जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. जिवाणूत शिरलेला फाज गप्प कसा बसतो, आणि मग एके दिवशी गप्प बसणे का सोडतो, हा प्रश्न विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राला चांगला चाळीस वर्षे पुरला. उत्तर एका प्रथिनापाशी येऊन थांबते. त्या जातीच्या प्रथिनांना रिप्रेसर म्हणतात. हे उत्तर पाठ्यपुस्तकात दोन आकृत्यांत उरकले जाते, आणि वाचणाऱ्याला वाटते, एक खटका आहे, खाली केला की बंद, वर केला की चालू. मला ते पटत नाही. निजलेल्या विषाणूला निजवून ठेवणे हे दर क्षणी चाललेले काम आहे, आणि त्या कामाचा हिशेब पाहिल्याशिवाय फाजची जाग, साथीचे विष आणि औषधांना न जुमानणारे जंतू यांचे नाते कळत नाही.

फाजची पहिली चाहूल आपल्याच देशात लागली असे म्हणतात. आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक असलेले अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये लिहिले, की यमुनेच्या आणि गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, पण तेच पाणी उकळून घेतले तर मरत नाहीत. गंगाजलाच्या थोरवीचा शास्त्रीय पुरावा म्हणून हा दाखला आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तो जरा ताणलेलाच आहे. हँकिन यांना फाज दिसला नव्हता, आणि त्यांच्या पाण्यात खरोखर फाजच होता का, यावर आजही एकमत नाही. पुढे १९१५ मध्ये लंडनचे फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये पॅरिसचे फेलिक्स द'हेरेल यांनी स्वतंत्रपणे फाज शोधला. द'हेरेल १९२७ च्या सुमारास इथे आले, आणि पंजाबातल्या पटकीच्या गावांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांना फाज पाजला, विहिरींतही ओतला. आज टीसीएल टाकतात तसा! गुण आल्याचे अहवाल निघाले. आजच्या कसोटीला उतरतील अशा तुलना मात्र त्यांत फारशा नव्हत्या.

द'हेरेलना माहीत असलेला फाज एकमार्गी होता: जिवाणूत शिरायचे, आपल्या शेकडो प्रती करायच्या, जिवाणू फोडून बाहेर पडायचे. पण काही जिवाणूंची वागणूक या हिशेबात बसत नव्हती. त्यांच्या निरोगी दिसणाऱ्या वाढीतही अधूनमधून फाज सापडे. बाहेरून घाण लागली असेल, असे म्हणून बरेच जण तो विषय सोडून देत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी तसे केले नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकच जिवाणू एका थेंबात ठेवला. तो दुभंगला की एक पिल्लू काढून घ्यायचे, भोवतीचा द्रव तपासायचा, उरलेल्याला ताज्या थेंबात ठेवायचे. अशा एकोणीस पिढ्या झाल्या तरी द्रवात फाजचा पत्ता नव्हता, आणि तरीही प्रत्येक जिवाणूच्या वंशजांत फाज निर्माण करण्याची क्षमता होतीच. म्हणजे फाज आतच होता, निजलेला. १९५० मध्ये ल्वॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिवाणूंवर अतिनील किरणांचा थोडा मारा केला. तासाभरात ढगाळ नळी निवळशंख झाली. जवळजवळ सगळे जिवाणू फुटले होते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत एस्थर लेडरबर्ग यांना आणखी मोठे घबाड सापडले. ई. कोलाय या जिवाणूचा के-१२ हा वाण १९२२ मध्ये घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रोग्याच्या विष्ठेतून वेगळा केलेला. जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला जात होता, त्यावर निबंधांचा ढीग पडला होता. आणि इतकी वर्षे त्याच्या पोटात एक फाज निजलेला होता, हे कोणाच्या गावीही नव्हते. किरणांचा मारा झालेल्या एका वाणातून तो फाज योगायोगाने निघून गेला होता; तो वाण मूळ के-१२ बरोबर एकत्र वाढवल्यावर ताटलीवरच्या वसाहती कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. तो फाज म्हणजे लॅम्डा. पुढच्या अर्ध्या शतकात जनुके चालू-बंद कशी होतात याचे जवळजवळ सगळे व्याकरण याच्यावरून लिहिले गेले.

लॅम्डाची तपासणी करायला त्या काळी लागत होते ते फारच थोडे: काचेची ताटली, अगारचा थर, त्यावर जिवाणूंचा दाट साय धरल्यासारखा लेप, आणि वर फाजचा एखादा थेंब. एका फाजने लागण केली की तिथले जिवाणू फुटत जातात आणि दुसऱ्या दिवशी लेपात वाटोळे भोक दिसते. फक्त मारणारे फाज असतील तर भोक काचेसारखे स्वच्छ. लॅम्डाचे भोक मात्र मधोमध दुधाळ असते, कारण तिथल्या काही जिवाणूंत लॅम्डा निजून राहिलेला असतो. ते मरत नाहीत, आणि आत आधीच एक लॅम्डा असल्यामुळे नव्याने आलेल्या लॅम्डालाही दाद देत नाहीत. ते त्या भोकात पुन्हा वाढू लागतात. डेल कायझर यांनी १९५७ मध्ये लॅम्डाचे असे बिघडलेले प्रकार गोळा केले, ज्यांची भोके लख्ख स्वच्छ होती. म्हणजे निजण्याची कला हरवलेले लॅम्डा. बिघाड तीन जनुकांत वाटलेला निघाला. त्यातले पहिले, सीआय, बिघडले तर लॅम्डाला निजताच येत नाही.

हे जनुक काय करते, याचा अंदाज फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी बांधला. जाकोब लॅम्डाच्या पाठीमागे होते, मोनो जिवाणू दुधातली साखर कशी पचवतो याच्या. दोघांच्या खोल्या एकाच इन्स्टिट्यूटमध्ये. १९५८ च्या उन्हाळ्यात जाकोब पत्नीबरोबर पॅरिसच्या एका थिएटरात सिनेमाला बसले होते, लक्ष पडद्यावर नव्हते, आणि तिथे त्यांना एकदम सुचले की दोघांचे कोडे एकच आहे. दोन्हीकडे काहीतरी पदार्थ डीएनएवर जाऊन बसतो आणि जनुकांना बोलू देत नाही. १९६१ च्या त्यांच्या निबंधाने या पदार्थाला रिप्रेसर हे नाव पक्के केले. १९६५ चे नोबेल ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना मिळाले, आणि तोवर रिप्रेसर कोणी पाहिला नव्हता! तो प्रथिन आहे की आरएनए, हेही ठरले नव्हते.

अडचण होती ती संख्येची. एका जिवाणूत प्रथिनांचे लाखो रेणू; त्यांत रिप्रेसरचे शंभर-दोनशे. हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल साखरेच्या रिप्रेसरमागे लागले, आणि त्याच इमारतीत तरुण मार्क टॅश्ने लॅम्डाच्या. टॅश्ने यांची युक्ती नमुनेदार आहे. त्यांनी जिवाणूंना अतिनील किरणांनी इतके भाजून काढले की त्यांचा स्वतःचा डीएनए निकामी झाला आणि त्यांची स्वतःची प्रथिने बनणे जवळपास थांबले. मग त्यांत लॅम्डाची मोठी लागण केली. आता जे काही नवे प्रथिन बनेल ते लॅम्डाचे. एका गटाला सीआय शाबूत असलेला लॅम्डा दिला आणि एका प्रकारचे किरणोत्सर्गी अमिनो आम्ल. दुसऱ्या गटाला सीआय बिघडलेला लॅम्डा आणि दुसऱ्या प्रकारचे. दोन्ही गट एकत्र कुटून प्रथिने वेगळी केली, तर एका ठिकाणी पहिल्याच खुणेचे प्रथिन आढळले, दुसऱ्या खुणेचे नाही. तोच रिप्रेसर. साल १९६७. त्याच वर्षी त्यांनी दाखवले की हे प्रथिन लॅम्डाच्या डीएनएलाच चिकटते, आणि तेही ठरावीक ठिकाणी.

यातल्या दुसऱ्या गटाला दिलेल्या लॅम्डातला सीआयचा बिघाड अँबर नावाच्या जातीचा होता: जनुकाच्या मध्येच थांबण्याची खूण पडलेली, त्यामुळे प्रथिन अर्धेच बनून तुटते. काही जिवाणू ही चुकीची खूण ओलांडून पुढे वाचू शकतात, म्हणून असे बिघडलेले फाज त्यांत वाढवून हाताशी ठेवता येतात. अशा जिवाणूंचे कोडे सोडवणाऱ्यांत ओबेद सिद्दिकी होते. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलन गॅरेन यांच्याबरोबर त्यांनी हे काम केले, आणि १९६२ मध्ये ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या घरात ई. कोलायची ताटली शिरली ती अशी.

आता प्रत्यक्ष खटका. लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ अक्षरांचा. १९८२ मध्ये तो पूर्ण वाचला गेला. त्यात एका ठिकाणी, शंभराहून कमी अक्षरांत, सतरा-सतरा अक्षरांच्या तीन जागा शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या एका अंगाला सीआय, म्हणजे रिप्रेसरचे जनुक. दुसऱ्या अंगाला क्रो नावाचे जनुक, जे चालू झाले की विषाणू जागा होतो. दोन्ही जनुके विरुद्ध दिशांना वाचली जातात. वाचणारे यंत्र, आरएनए पॉलिमरेज, वाचायला लागते ते या जागांना लागून असलेल्या ठरावीक ठिकाणी बसून. मुरबाडच्या एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रिप्रेसर करतो ते तेवढेच, यंत्राच्या जागेवर आधी जाऊन बसतो.

गंमत बसण्याच्या क्रमात आहे. रिप्रेसर एकटा बसत नाही, जोडीने बसतो. २३६ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाला दोन गोळे आहेत: एक डीएनएला धरतो, दुसरा जोडीदाराला. पहिली जोडी जाते ती क्रोच्या बाजूच्या जागेवर, कारण तिथली पकड सर्वांत घट्ट. मधल्या जागेवर एकटी जोडी नीट टिकली नसती, पण शेजारी एक जोडी बसलेली असली की ती तिला धरून ठेवते. या दोन जोड्या बसल्या की क्रो वाचायला जागाच उरत नाही, विषाणू निजला. आणि मधल्या जागेवरची जोडी आणखी एक काम करते: दुसऱ्या अंगाला सीआय वाचायला आलेल्या यंत्राला ती चिकटून आधार देते, आणि त्यामुळे सीआय दहापट जोमाने वाचले जाते. म्हणजे रिप्रेसर स्वतःच स्वतःच्या निर्मितीला हातभार लावतो. जिवाणू दुभंगला की रेणू दोघांत वाटले जातात, पण तूट लगेच भरून निघते. रेणू फार झाले तर ते तिसऱ्या जागेवर जाऊन बसतात, आणि ती जागा सीआयच्याच वाटेवर असल्याने निर्मिती थांबते. कमी पडले की वाढवा, जास्त झाले की थांबवा. हे सगळे कोणी ठरवत नाही; कोणत्या जागेची पकड किती घट्ट आहे, एवढ्यावर ते आपोआप होते.

क्रो हेसुद्धा एक छोटे प्रथिन आहे, अवघ्या ६६ अमिनो आम्लांचे, आणि बसण्यासाठी त्यालाही त्याच तीन जागा लागतात. पण त्याची आवड उलटी. ते आधी तिसऱ्या जागेवर, सीआयच्या वाटेवर, जाऊन बसते. एकदा ते बसले की नवा रिप्रेसर बनत नाही, आणि बाजी विषाणूच्या जागृतीकडे फिरते. त्याच तीन जागा, दोन प्रथिने, फक्त पसंतीचा क्रम वेगळा. इतक्या कमी सामानात बसवलेले इतके पक्के यंत्र निसर्गात दुसरे असेल, पण मला माहीत नाही. १९८१-८२ मध्ये या दोन्ही प्रथिनांच्या डीएनएला धरणाऱ्या भागांचे आकार क्ष-किरणांनी दिसले. दोघांतही डीएनएच्या खाचेत बसणारा तोच वळलेला भाग निघाला, आणि पुढे तसाच भाग असंख्य जिवाणूंच्या प्रथिनांत सापडत गेला.

जागे करणारी गोष्ट कोणती, हे ल्वॉफ यांच्या अतिनील किरणांनी आधीच सांगितले होते. यंत्रणा १९७५ च्या आसपास उलगडली. जिवाणूच्या डीएनएला जबर इजा झाली की रेक-ए नावाचे त्याचे स्वतःचे प्रथिन तुटक्या धाग्यांवर चढते आणि दुरुस्तीची हाकाटी होते. या अवस्थेतल्या रेक-एशी गाठ पडली की रिप्रेसर आपल्याच दोन गोळ्यांमधला दुवा कापून घेतो. जोडीदाराला धरणारा गोळा गेला की डीएनएवरचा गोळा एकटा पडतो आणि निसटतो. जागा मोकळी होते, क्रो वाचले जाते, आणि साधारण पाऊण तासात जिवाणू फुटून शंभरेक नवे लॅम्डा बाहेर पडतात. बुडत्या घरातून विषाणू आपला संसार हलवतो, असे वर्णन वाचायला बरे वाटते. पण विषाणूला काही कळत नसते. जिवाणूच्या दुरुस्तीच्या यंत्रणेने कापला जाईल असाच रिप्रेसर टिकून राहिला, इतकेच. इजा झाली नाही तर ही झोप मोडण्याचे प्रमाण अत्यल्प. आणि रेक-ए नसलेल्या जिवाणूत तर लॅम्डा जवळपास कधीच जागा होत नाही.

जिवाणूत नव्याने शिरल्यावर निजायचे की फोडायचे, हा प्रश्न वेगळा, आणि तिथे जिवाणूची परिस्थिती पाहिली जाते. उपाशी जिवाणू असेल, किंवा एकाच जिवाणूत एकाहून जास्त लॅम्डा शिरले असतील, तर निजण्याकडे कल जातो. अलीकडे तर विषाणू एकमेकांना निरोप देतात असे निघाले: २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना बॅसिलस या जिवाणूचा असा फाज सापडला, जो प्रत्येक लागणीत सहा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा बाहेर सोडतो. भोवताली हे तुकडे फार झाले, म्हणजे जिवाणू संपत आले, की पुढचे फाज निजणे पत्करतात.

पुन्हा विहिरीकडे. पटकीच्या विषाणूकडेही स्वतःचा रिप्रेसर आहे, आरएसटीआर नावाचा, आणि त्याच्या जोडीला जिवाणूच्या दुरुस्ती यंत्रणेचा रिप्रेसर लेक्स-ए हाही त्याला दाबून धरतो. लॅम्डाशी फरक असा की हा धाग्यासारखा फाज जिवाणूला फोडत नाही, त्याच्या भिंतीतून गुपचूप बाहेर झिरपतो आणि दुसऱ्या निरुपद्रवी व्हिब्रिओत शिरून त्यालाही विषारी करू शकतो. डीएनएला इजा झाली की लेक्स-ए कापला जातो आणि फाजचे उत्पादन वाढते.

असा व्हिब्रिओ हंड्यात येऊ नये म्हणून गाळण्याचे जुने शहाणपण कामी येते. व्हिब्रिओ पाण्यात बहुतेक सुटा नसतो. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतो. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची चारपदरी घडी करून पाणी गाळायला लावले; २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. हंड्याच्या तोंडाला फडके बांधणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. घडी चारपदरी हवी आणि कापड जुने हवे, एवढा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. धुऊन-धुऊन धागे फुगलेल्या कापडाची भोके बारीक होतात.

आता औषधांबद्दल. डीएनएला इजा करणाऱ्या गोष्टींत अतिनील किरणांबरोबर काही प्रतिजैविकेही येतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले. १९९२ मध्ये मद्रासेत पटकीचा एक नवा प्रकार उद्भवला आणि बंगालपर्यंत पसरला. त्याच्या डीएनएत एसएक्सटी नावाचा एक फिरता तुकडा सापडला, ज्यात अनेक औषधांना न जुमानणारी जनुके एकत्र बांधलेली आहेत. हा तुकडा फाज नाही, पण त्याला जागेवर दाबून ठेवणारे प्रथिन, सेट-आर, लॅम्डाच्या रिप्रेसरचे सख्खे भावंड आहे, आणि कापले जाते तेही त्याच रीतीने. २००४ मध्ये वॉल्डर यांच्या गटाने दाखवले, की सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले की हा तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाण्याचे प्रमाण कितीतरी पटीने वाढते. ज्या गोळीने जंतू मरायचा तीच, अर्धवट प्रमाणात, त्याच्याकडची औषधविरोधी जनुके शेजाऱ्यांना वाटायला लावते. जुलाब लागले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणायच्या, एका दिवसात बरे वाटले की उरलेली ठेवून द्यायची, ही रीत शहापूरला आहे तशी दादरलाही आहे. तिचा दोष विज्ञानाच्या भाषेत असा मांडता येतो. पटकीत जीव वाचतो तो मुळात गेलेले पाणी आणि क्षार भरून काढल्याने, जलसंजीवनीने नाहीतर सलाइनने.

औषधाचा असा उलटा परिणाम होण्याचे आणखी उघडे रूप ई. कोलायच्या ओ१५७ या प्रकारात दिसते. त्याचे शिगा विष लॅम्डाच्याच कुळातल्या एका निजलेल्या फाजच्या जनुकांत असते, आणि फाज जागा झाल्याशिवाय ते फारसे बाहेर पडत नाही. म्हणून या लागणीत अशी प्रतिजैविके द्यायला डॉक्टर कचरतात. घटसर्पाचे विषही असेच फाजने आणलेले. १९५१ मध्ये ते उघडकीस आले. लस मात्र त्या विषाविरुद्धच असल्याने फाजचे काय होते याची चिंता लसवाल्यांना करावी लागत नाही.

भाताचेही एक बोट यात आहे. शहापूर-मुरबाडचे खरीप म्हणजे भात, आणि भाताचा जिवाणूजन्य कडा करपा आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा: पानाच्या कडा नागमोडी पिवळ्या पडतात, मग पांढऱ्या होऊन वाळतात, सकाळी पानावर दुधाळ थेंब दिसतात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५१ साली आजच्या महाराष्ट्रातूनच झाली. जपानमध्ये शेताच्या पाण्यातले करप्याचे फाज मोजून रोग किती येणार याचा अंदाज बांधायची पद्धत होती. फाज वाढले म्हणजे जिवाणू वाढलेच. माझ्या मते त्या अंदाजाची मर्यादाही उघड आहे. निजलेले फाज पाण्यात मोजता येत नाहीत, म्हणून मोजणी करायची ती फोडणाऱ्या फाजवरच.

फाज औषध म्हणून वापरायचे तर हाच मुद्दा उलटा उभा राहतो. जॉर्जियातल्या तिबिलिसीची संस्था १९२३ पासून हे काम करत आली आहे. औषधाचा फाज निजणारा चालत नाही: तो जंतूला मारायच्या ऐवजी त्यात घर करतो, शिवाय त्याच्याबरोबर एखादे विषाचे जनुकही येऊ शकते. पण निजणाऱ्या फाजचा रिप्रेसरच काढून टाकला तर? लंडनमध्ये फुप्फुसे बदललेली एक पंधरा वर्षांची मुलगी मायकोबॅक्टेरियम या जिवाणूच्या चिवट लागणीने अंथरुणाला खिळली होती, प्रतिजैविके हरली होती. पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहातले तीन फाज तिला देण्यात आले. त्यांपैकी दोघांचा रिप्रेसर जनुकासकट छाटलेला होता. तिसऱ्याला छाटण्यासारखे काही नव्हतेच, तो मुळातच फोडणारा. लागण पुरती गेली नाही, पण जखमा भरत आल्या, प्रकृती सुधारली. हा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

तो तिसरा फाज दक्षिण आफ्रिकेत एका सडलेल्या वांग्याच्या बुडाशी सापडला होता. हॅटफुल यांच्या संग्रहातले असे हजारो फाज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या परसातल्या मातीतून शोधलेले आहेत. माती पाण्यात ढवळायची, जिवाणू अडतील अशा बारीक गाळणीतून गाळायची, मायकोबॅक्टेरियमच्या निरुपद्रवी भावंडाबरोबर ताटलीवर पसरायची, आणि दोन दिवस वाट पाहायची. भाताच्या कापणीनंतर शहापूर-मुरबाडच्या बांधांवर भेंडी-वांगी लागतात, माळशेजच्या पायथ्याला पानगळीचे ओले थर आहेत. मातीची वानवा नाही, आणि या कामाला लागणारी साधने पदवीच्या प्रयोगशाळेत मावतात. ताटलीवर दुधाळ भोके आली तर बहुधा त्या फाजकडे रिप्रेसर आहे आणि उपचारासाठी त्याचे ते जनुक आधी कापावे लागेल. स्वच्छ भोके आली, तर डीएनए वाचून त्यात विषाचे काही नाही याची खात्री करायची, आणि मग तो फाज आहे तसा कुपीत भरून ठेवता येतो.